वारीची पिशवी आणि गोळ्यांची पट्टी



ज्येष्ठ महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. लोणच्याला बुरशी का येते, पापड लाल का होतात, हे प्रश्न मागे पडतात आणि वारीचे प्रश्न सुरू होतात. चप्पल कोणती घालावी, भिशी किती पडते, उपासाला काय न्यावं, असे. पण यंदा गेवराईकडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर देताना माझा हात जरा थबकला. ती लिहिते:

‘ताई, यंदा मुक्ताबाईच्या पालखीबरोबर बीडपासून पंढरपूरपर्यंत चालायचं ठरवलं आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदाच घरातून इतके दिवस बाहेर पडणार. सासूबाई स्वतः वारकरी. त्या म्हणतात, ये खुशाल, पण वाटेत अडचण येता कामा नये. माझी तारीख नेमकी चौसाळ्याच्या आसपास येते. शेजारणीने गोळ्यांचं नाव लिहून दिलं आहे. किती दिवस घेऊ? आणि घरी कोणाला विचारायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला विचारते.’

बाई गं, विचारलंस हे फार चांगलं केलंस. मी विचारलं नव्हतं. म्हणून आज आधी माझीच गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी मीही याच वाटेने निघाले होते. मुक्ताबाईची पालखी जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून निघते. महिनाभराची ही वाटचाल लांब पल्ल्याच्या वाऱ्यांत मोजली जाते. आपल्या बीडला ती आली की इथल्या कितीतरी बायका तिच्यात मिसळतात. पुढे पाली, मांजरसुंब्याचा घाट, चौसाळा, भूम, माढा करत दहा-बारा दिवसांत पंढरपूर. मी मोठ्या हौसेने पिशवी भरली. टाळ घेतले, पिठाचे लाडू घेतले, आणि लाडवांच्या डब्याखाली गोळ्यांची एक पट्टी लपवली. दुकानातून आणली होती, डॉक्टरांना न विचारता. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पालीच्या मुक्कामी भजनात रात्र कशी गेली कळलं नाही आणि गोळी चुकली. दुसऱ्या दिवशीही वेळ टळली. चौसाळ्याच्या पुढे जे व्हायला नको होतं तेच झालं, आणि नेहमीपेक्षा दुप्पट. जवळ कापड नाही, सांगायला तोंड नाही. आडोशाला जावं लागू नये म्हणून मी पाणीच प्यायचं सोडलं. दोन दिवस तसेच काढले. लघवीला जळजळ, अंगात कणकण, डोळ्यांपुढे अंधारी. भूमच्या अलीकडे एका बाभळीखाली मट्‌कन बसले ती उठताच येईना.

माजलगावकडची एक म्हातारी वारकरीण मागून येत होती. डोक्यावर तुळस, पायात टायरच्या चपला. माझ्यापाशी थांबून म्हणाली, ‘काय गं लेकरा, तोंड किती सुकलंय तुझं. काय झालं?’

मी रडतच म्हटलं, ‘आजी, मला अडचण आलीय. आता पुढं कशी येऊ?’

‘पुढं कशी म्हंजे? पायांनी ये की!’ म्हातारी म्हणाली. मग डोक्यावरची तुळस सुनेच्या हाती दिली, आपल्या गाठोड्यातलं धुतलेलं जुनं लुगडं टर्रकन फाडलं आणि माझ्या हातात कोंबलं. ‘मुक्ताबाई काय बाप्या होती का? उठ. आधी पाणी पी, मग दवाखान्याच्या गाडीवर जाऊ.’

त्या गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला आणि त्या चांगल्याच रागावल्या. एक दिवस सामानाच्या ट्रकमध्ये पडून राहिले, औषध घेतलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागले. पंढरपूरला पोचले ती त्या फाटक्या लुगड्याच्या आधाराने, गोळ्यांच्या नव्हे.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. पाळी पुढे ढकलण्याच्या या गोळ्या बहुतेक नॉरएथिस्टेरॉन या औषधाच्या असतात. तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे पाळी टळत नाही, फक्त लांबते. औषध म्हणून त्या वाईट नाहीत. डॉक्टर कारण पाहून देतात. पण किती दिवस आणि किती वेळा, हे तुझी प्रकृती बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. दिवस गेल्याची शंका असेल, यकृताचा आजार असेल, पायात किंवा इतर कुठे रक्ताची गाठ होऊन गेली असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, किंवा मधूनच विनाकारण अंगावरून जात असेल, तर या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये. रक्तदाब, अर्धशिशी, मधुमेह असेल तर आधी सांगावं. अंगावर पाजणारीनेही विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि गोळ्या चालू असताना एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागलं, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर ‘चालून चालून झालं असेल’ म्हणून अंगावर काढू नका. त्याच घटकेला डॉक्टर गाठा. शेजारणीची चिठ्ठी म्हणजे शेजारणीच्या मापाचं पोलकं. तिला बसलं म्हणून तुला बसेलच असं नाही.

पण मैत्रिणींनो, गोळीच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे. पाळी थांबवायचीच कशाला? एवढ्या दिंड्यांतून हजारो बायका चालतात. साधा हिशेब करा, त्यातल्या कितीतरी जणींची पाळी रोज चालूच असणार. पालखी काय त्यांच्यावाचून पुढे जाते? ज्या वाटेवर आपण मुक्ताबाई, जनाबाई यांची नावं घेत चालतो, त्याच परंपरेतल्या सोयराबाईंनी, चोखोबांच्या घरधनिणीने, देहाच्या विटाळाबद्दल आपल्या अभंगात थेट देवालाच विचारलं होतं. साडेसहाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि आपण अजून लाडवाच्या डब्याखाली पट्टी लपवतो.

आणि हे काही आपल्याकडेच नाही बरं का. माझी भाची जपानमध्ये ओसाकाला असते. तिकडे दक्षिणेला कुमानोच्या डोंगरात एक फार जुनी यात्रेची पायवाट आहे, कुमानो कोदो तिचं नाव. हजार वर्षांपासून लोक तिथल्या तीन मोठ्या देवस्थानांना चालत जातात. 2004 साली युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली. भाची ती वाट तीन दिवस चालली आणि घरी आल्यावर तिने मला एक आख्यायिका सांगितली. हजार वर्षांपूर्वी इझुमी शिकिबू नावाची एक मोठी कवयित्री त्या यात्रेला निघाली. फुशिओगामी या ठिकाणाहून देवस्थान प्रथम नजरेस पडतं, तिथे यात्रेकरू लोटांगण घालतात. आपण कळस दिसला की हात जोडतो ना, तसंच. नेमकी तिथे तिला पाळी आली. आता दर्शन कसं घेऊ म्हणून तिने दुःखाने एक कविता केली. त्या रात्री कुमानोचा देव स्वप्नात आला आणि त्याने कवितेतच उत्तर दिलं: मीही या जगाच्या धुळीत मिसळलो आहे, मला तुझी कसली अडचण? आणि ती दर्शनाला गेली. तिथे तिच्या नावाने ओळखला जाणारा दगडी स्तंभही आहे. गंमत बघा, त्याच परिसरातल्या ओमिने पर्वताच्या शिखरावर आजही बायकांना जाऊ देत नाहीत! म्हणजे वाट अडवणारेही सगळीकडे आणि वाट मोकळी करणारेही सगळीकडे.

एक गोष्ट मात्र आपल्याच जिल्ह्याची आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला जोडप्याजोडप्याने माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं, यात खाडा नको म्हणून कितीजणींनी गर्भाशयच काढून टाकलं. 2019 साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. दर सहा जणींत एक. त्यांची लाचारी पोटाची होती, आपली तर फक्त लाजेची आहे. बाईचं शरीर म्हणजे कामातली किंवा धर्मातली अडचण, हा विचार एकदा मनात बसला की तो कुठवर नेतो, ते या आकड्यांत दिसतं. गोळी आणि शस्त्रक्रिया एक नव्हे, हे मला कळतं. पण दोन्हींच्या मुळाशी तोच विचार आहे.

आता सासूबाईंचं काय? त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांनी आयुष्यभर पाळलेलं आहे, ते एका दिवसात सुटणार नाही. त्यांना एवढंच म्हण, ‘आई, ते चार दिवस मी पालखीच्या रथापाशी, पादुकांपाशी जाणार नाही. दिंडीच्या मागच्या अंगाला चालीन. पण गोळ्या खाऊन आजारी पडले तर तुम्हालाच माझं करावं लागेल.’ तुझं मन धजत असेल तर एवढंही पाळायची गरज नाही. ज्याचा त्याचा भाव. पण वाट चालायला आणि नाम घ्यायला कोणाची आडकाठी?

बाकी तयारी मात्र नीट कर. थोडक्यात सांगते, कात्रण काढून ठेवा:

पाय. महिनाभर आधीपासून रोज चाला, तासाभरापासून सुरुवात करा. नव्या कोऱ्या चपला वारीला घालू नयेत. बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल लावावं, सुती मोजे घालावेत. फोड आला तर कातडी ओढून काढू नये. स्वच्छ धुऊन, झाकून ठेवावा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहावेत, कारण जखम झालेली कळत नाही.

पाणी. आडोसा नाही म्हणून पाणी न पिणं, ही आपली बायकांची सर्वांत मोठी चूक. उन्हाचा त्रास आणि लघवीचे विकार दोन्ही त्यातून होतात. दोघी-तिघींनी मिळून जावं, एकीने लुगडं धरावं. थकवा, जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावं. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

अडचणीची पिशवी. तारीख असो वा नसो, जवळ ठेवाच. चालण्याने आणि दगदगीने पाळी मागेपुढे होते. घड्या किंवा पॅड, दोन गडद परकर, जुने कागद, साबण. दर पाच-सहा तासांनी बदलावं. कापड वापरत असाल तर धुऊन उन्हात वाळवावं. दुसऱ्या कपड्याखाली झाकून ओलसर ठेवू नये. वापरलेलं कागदात गुंडाळावं, कोणाच्या शेतात टाकू नये. राज्य महिला आयोगाने 2022 साली आळंदी-देहूच्या वाटेवर बायकांसाठी ‘आरोग्यवारी’ सुरू केली, त्यात पॅड, स्वच्छतागृहं यांची सोय केली. पण प्रत्येक पालखीच्या वाटेवर सगळं मिळेल यावर विसंबू नये. एक घडी जास्तच ठेवा, दुसरीच्या उपयोगी पडेल.

घर. नवऱ्याला कुकर लावायला आठ दिवस आधीच शिकवा. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, मुलांच्या शाळेची वेळ, सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. घर दहा दिवसांत बुडत नाही, हे कळणं हीसुद्धा वारीचीच कमाई आहे.

त्या माजलगावच्या आजी मला पुन्हा भेटल्या नाहीत. लुगड्याचा उरलेला तुकडा मात्र मी जपून ठेवला आहे. दर ज्येष्ठात पिशवी भरताना लाडवांचा डबा खाली जातो आणि तो तुकडा सगळ्यांत वर ठेवते, पटकन हाताला लागावा म्हणून. बाभळीखाली बसलेली कोण भेटेल, सांगता येत नाही.

तुमची,
ताई