पाचट, पेंड आणि प्रेसमड



गळीत हंगाम सुरू झाला की तिन्हीसांजेला गटागटांतून धूर दिसू लागतो. तोडणी टोळी पुढच्या फडात गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागच्या रानात काडी पडते. विचारावे तर उत्तर ठरलेले. "साहेब, पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, औत चालत नाही. पेटवलं की रान मोकळं." यातले एकही कारण खोटे नाही, आणि ते मान्य करूनच आम्ही हे लिहीत आहोत.

मोकळे झालेल्या रानातून गेले काय, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का धरला तरी युरियाच्या एका गोणीच्या आसपास नत्र होतो. राखेत पालाश उरतो हे खरे. पण नत्र धुरावाटे जातो आणि सेंद्रिय कर्बही जातो. माती परीक्षणाच्या कागदावर हा कर्ब ०.४० च्या खाली असेल तर जमीन 'कमी' या सदरात पडते. अशा जमिनीत खताचा डोस वाढवत गेले तरी उतारा वाढत नाही. मग दोष बेण्याला द्यायचा, पाण्याला द्यायचा, नाहीतर आम्हाला.

आता अडचणींचे बोलू. पाणी सरकत नाही, तर एकाआड एक सरीत पाचट दाबावे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. बुडख्यावर पाचट राहू देऊ नये; बुडखे जमिनीलगत छाटून उन्हात उघडे ठेवले तरच फुटवा जोमदार येतो. औत चालत नाही, तर पहारीने खत द्यावे. बुडख्यापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोल भोक घ्यायचे, खत टाकायचे आणि मातीने बुजवायचे. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत द्यावा. मजूर लागतो, कबूल. पण नांगरट, बगला फोडणे आणि भर देणे यांचा खर्च वाचतो तोही याच वहीत धरावा.

एका गोष्टीवर आमचा कटाक्ष आहे. कोरडे पाचट तसेच टाकून दिले तर ते कुजविणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र उचलतात, खोडवा पिवळा पडतो आणि "पाचटानं ऊस बसला" अशी गावभर आवई उठते. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत टाकून पाणी दिले की ही तक्रार राहत नाही. उंदरांचा बंदोबस्त मात्र वेगळा करावाच लागतो. त्यावर पाचटाची कुट्टी हा थोडा उतारा आहे, पुरा नाही.

पाचटाच्या आच्छादनाखाली खोडकिडीचा उपद्रव कमी राहतो, हाही अनुभवाचा आणि प्रयोगाचा भाग आहे. शिवाय रानात आग लावली की किडीबरोबर किडीचे शत्रूही जळतात. लोकरी मावा सन २००२ मध्ये सांगली भागात प्रथम दिसला तेव्हाची धावपळ जुन्या सभासदांना आठवत असेल. पंपाने उंच उसात फवारणी पोचेना. पुढे तो मावा आटोक्यात आणला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी, आणि त्यांची अंडी-कोष पानांवर वाहून नेणाऱ्या शेतकऱ्यांनी.

हुमणीची गोष्ट निराळी. हल्ली गावोगाव कोणी ना कोणी बाटली घेऊन येतो, तिच्यावर कडुनिंबाचे चित्र असते, आणि "एक लिटरमध्ये हुमणी खलास" असे सांगितले जाते. बंधूंनो, हुमणीचे भुंगेरे रोज संध्याकाळी जेवायला जातात कुठे? कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर! ज्या झाडाचा पाला ते आवडीने खातात त्याच्या चित्राला ते भिणार नाहीत. निंबोळी पेंड चांगलीच. आम्ही तिची शिफारस करतो. तिच्यात पाच टक्क्यांच्या आसपास नत्र असतो, तिच्या कडवटपणाने काही किडी खाणे टाळतात, आणि युरियाबरोबर मिसळली तर नत्र सावकाश लागू होतो. २०१५ साली सरकारने देशात बनणाऱ्या युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा केला, त्यात हा गुणही विचारात होता. परंतु पेंड हे खत आहे, जोडीला थोडे किडीचे औषध. पेंड टाकली म्हणजे हुमणीची काळजी मिटली असे समजणारा फसेल. आणि घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली नाही तर पोते परत करावे.

हुमणीची खरी वेळ एकच. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून या झाडांवर बसतात. वर्षातून एकच पिढी होते, पण एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. त्या आठ-दहा संध्याकाळी झाडे हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेल किंवा डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. एकट्या सभासदाने केले तर शेजारच्या बांधावरून भुंगेरे येणारच. हे काम गावाने मिळून करायचे. पुढे अळीसाठी मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावी. बुरशीला ओल आणि सेंद्रिय खाद्य लागते, म्हणून जळालेल्या उघड्या रानात ती टिकत नाही. कच्चे शेणखत कदापि टाकू नये.

परसातल्या वांगी-मिरचीला मात्र निंबोळी खरी उपयोगी पडते. भगिनींनी पावसाच्या तोंडाला निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवाव्यात. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करावे, थोडा साबणचुरा टाकावा आणि संध्याकाळी फवारावे. परस लहान असेल तर त्याच मापाने कमी करावे.

आता प्रेसमड. शंभर टन उसामागे तीन ते चार टन प्रेसमड निघते, आणि ते तुमच्याच रानातून आलेले आहे. केंद्र सरकारची 'सतत' योजना २०१८ साली आल्यापासून बायोगॅस प्रकल्पांकडून प्रेसमडला मागणी वाढली आहे. कारखान्याला त्यातून चार पैसे मिळतात, हे आम्हाला दिसते. संचालक मंडळ जो निर्णय घेईल तो आम्हास शिरोधार्य आहे. तरीपण आमचे स्पष्ट मत आहे की पहिला हक्क ऊस घालणाऱ्या सभासदाचा. सभासदाची मागणी भागवून उरेल ते प्रकल्पाला जावे, आणि प्रकल्पातून निघणारी मळीही खत म्हणून परत आपल्याच शिवारात यावी, अशी अट करारात घालावी.

"प्रेसमड नको, भाडं परवडत नाही" हे सभासदांचे उत्तरही आम्ही ऐकतो. काट्यावरून ऊस रिकामा करून शेकडो ट्रॉल्या रोज मोकळ्या परत जातात. परतीच्या ट्रॉलीत प्रेसमड भरून द्यावे, तेवढे भाडे ऊसबिलातून कापून घ्यावे, ही योजना अशक्य नाही. ताजे प्रेसमड मात्र लगेच रानात पसरू नये. ते तापते, आणि त्यातल्या मेणामुळे पाणी नीट मुरत नाही. दोन-तीन महिने ढीग लावून, ओला करून, वरचेवर पालटून कुजवावे.

हाच न्याय पाचटाच्या गाठोड्यांना. बॉयलरसाठी पाचट गोळा करणारी यंत्रे आता गावात येऊ लागली आहेत. रान आयते साफ होते आणि हातात पैसेही पडतात. ज्याला खोडवा मोडायचाच आहे त्याने काय करावे हा त्याचा प्रश्न. पण खोडवा ठेवणाऱ्याने त्या पैशातून तेवढे नत्र, तेवढा पालाश आणि तेवढे शेणखत विकत घेता येते का, हे आधी दुकानात विचारून यावे.

ज्या सभासदांना या हंगामात खोडव्यात पाचट ठेवायचे आहे त्यांनी तोड येण्याआधीच चिटबॉयकडे नाव द्यावे, म्हणजे टोळीला जमिनीलगत तोड घेण्यास सांगता येईल. प्रेसमडची मागणी गट ऑफिसात लेखी द्यावी, खातेनंबर घालून. मागण्यांचा गठ्ठा हातात असला तर संचालक मंडळापुढे बोलायला आम्हालाही जोर येईल.