हात लावू नये!

वाद्यांच्या संग्रहालयात पाहुण्याचे स्वागत करते ती पाटी : ‘हात लावू नये.’ काचेआड तंबोरा उभा, सारंगी आडवी. खाली नाव आणि साल. मुले विचारतात, “पण हे वाजतं कसं?” आणि आपण वडीलधारी माणसे मुकाट्याने पुढच्या कपाटाकडे वळतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे : जिथे वाद्य ऐकू येत नाही, ते संगीताचे संग्रहालय नव्हे, फार तर नीट झाडलेली अडगळीची खोली.

‘मग काय तिथे यंत्रांचा पोरखेळ मांडायचा?’ असे जाणकार विचारतील. त्यांनी जरा व्हिएन्नाकडे पाहावे. तिथल्या ‘हाउस डेर मुझिक’ या २००० साली उघडलेल्या संग्रहालयात पाहुण्याच्या हाती वृंदसंचालकाची छडी देतात. पडद्यावरचा व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद त्या छडीच्या लयीने वाजवू लागतो. लय सांभाळता आली नाही, तर वादक थांबतात आणि चक्क तक्रार करतात! तासाभराच्या व्याख्यानाने जे कळत नाही, ते त्या एका फजितीत कळते. आपल्याकडेही बंगळूरला २०१९ साली उघडलेल्या संगीत-संग्रहालयाच्या बागेत दगड-धातूंवर आघात करून नाद काढून पाहता येतो.

मात्र यंत्र आणले म्हणजे झाले, असे नव्हे. पडद्यावरच्या तबल्याला कसेही बोट लावा, ‘धा’ आपला सुरेखच! हे शिकवणे नव्हे, ही खुशामत. चूक होऊ देते, तेच यंत्र कान घडवते.

तंबोऱ्याचेच घ्या ना. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा असतो. तो किंचित सरकला, की जवारी खुलते किंवा मिटते. या घोडीच्या करामतीवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शास्त्रीय लेख लिहिला. मिरजेचे सतारमेकर तर पिढ्यान् पिढ्या कानाच्या भरवशावर जवारी लावत आले आहेत. काचेतून यातले काय दिसणार?

जुना तंबोरा खुशाल काचेत ठेवा. पण शेजारी मिरजेचा एक नवा मांडा. मुलांना धागा सरकवू द्या. एका तारेतून किती स्वर उमलतात, ते पडद्यावर उमटू द्या. तार तुटेल म्हणता? तुटू द्या! तुटलेली तार पुन्हा चढवता येते. ऐकण्याची सवय तुटली, तर ती कुठल्या पेठेतून आणणार?