मुलगा होण्याच्या औषधाचा हिशेब

आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत जा. घरात दुसऱ्या मुलीचं नामकरण झालं की प्रश्न ठरलेला असतो : "आता तिसऱ्याला तरी मुलगा होईल का?" मग कुणी औषध देणाऱ्याचा पत्ता सांगतं, कुणी तिथी मोजायला लावतं. या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर प्रत्येक घरात माहीत असावं, असं आम्हाला वाटतं.

स्त्रीच्या बीजात फक्त 'एक्स' गुणसूत्र असतं. पुरुषाच्या निम्म्या शुक्रजंतूंत 'एक्स' असतं, निम्म्यांत 'वाय'. बीजाला 'वाय' मिळालं तर मुलगा, 'एक्स' मिळालं तर मुलगी. तेव्हा "हिला मुलीच होतात" म्हणून सुनेला टोचणं हे निव्वळ अज्ञान आहे. नवऱ्यालाही दोष देऊ नका. कोणता शुक्रजंतू आधी पोचेल, हे त्याच्याही हातात नाही.

जगभर 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. म्हणजे शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी, आणि प्रत्येक बाळंतपणाला ती तेवढीच राहते. आधी दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्यांदा मुलाची 'पाळी' येत नाही. निसर्गावर सोडलं तर दोन मुलं असलेल्या चार घरांपैकी साधारण एका घरात दोन्ही मुलीच असणार. त्यात नवल नाही आणि दोष तर नाहीच.

आता औषधाचा हिशेब बघा. 100 बायकांना औषध म्हणून नुसती साखर दिली तरी 51 जणींना मुलगा होईल. त्या गावभर सांगत फिरतील. उरलेल्या 49 गप्प बसतील. "मुलगा नाही झाला तर पैसे परत" म्हणणारासुद्धा बसल्या जागी निम्मे पैसे कमावतो! यात नुसते पैसेच जात नाहीत. हरियाणात झालेल्या अभ्यासात, अशी औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

औषधानं भागलं नाही की पावलं सोनोग्राफीकडे वळतात. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्रात 1988 पासून कायदा आहे, देशाचा कायदा 1994 चा. तरीही 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मुली होत्या 839, आणि 2011 मध्ये 863. निसर्गाच्या हिशेबानं त्या 950 च्या आसपास हव्यात. मधल्या मुली गेल्या कुठे? 2017 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला गर्भपातात एका बाईचा जीव गेला, आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. अशा तपासणीचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलगा कशाला हवा, तर पिंडाला, असं जुना धर्म सांगत होता. बाबासाहेबांनी 1956 मध्ये दिलेल्या 22 प्रतिज्ञांत आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडलं. मग मुलाचा हट्ट कशासाठी शिल्लक राहिला? मल्लिका राणीला मुलगी झाली तेव्हा राजा प्रसेनजित खट्टू झाला होता. मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते, असं तथागतांनी त्याला सांगितलं. ज्या माणगावात 1920 साली शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर आले, ते आपल्याच तालुक्यात आहे. त्या मातीत सुनेनं मुलीसाठी टोमणे ऐकावेत, हे आम्हाला मान्य नाही.

दिवसभर कांड्या भरून, अंगात रक्त कमी असताना, केवळ मुलासाठी तिसरं-चौथं बाळंतपण सोसणारी बाई जिवाशी खेळत असते. पुढचं मूल हवं की नको, हे आधी तिला विचारा. औषधाचे पैसे लेकीच्या शाळेला लावा. आणि घरात मुलगी आली की तिच्या नावानंही पेढे वाटा.

जय भीम! नमो बुद्धाय!