साक्षरतेनंतरचे वाचन

शेगावी श्री गजानन महाराजांच्या मंदिरात पारायणाला बसलेल्या मंडळींकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहिले, तर त्यांत ज्यांचे उभे आयुष्य कपाशीच्या वेचणीत आणि ज्वारीच्या खळ्यावर गेले अशा वयस्क स्त्रिया पुष्कळ दिसतात. त्यांतील कित्येकींची शाळा दुसरी-तिसरीपाशीच सुटलेली असते. ओळीखाली बोट सरकवीत, जोडाक्षरापाशी किंचित थबकत, ओठांतल्या ओठांत शब्द घोळवीत त्या वाचतात. पण वाचतात, आणि एकवीस अध्यायांचा ग्रंथ अखेरपर्यंत नेतात. आपल्या सुशिक्षित वर्गाने या वाचनाची गणना भक्तीच्या खात्यावर केली आणि शिक्षणाच्या खात्यावर त्याची नोंद म्हणून कधी घेतली नाही. माझ्या मते ती घ्यावयास हवी. कारण साक्षरतेच्या सरकारी हिशेबातून जे निसटते, ते या पोथीपाशी टिकून राहिलेले आढळते.

गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी संतकवी दासगणू यांनी ‘श्री गजानन विजय’ रचला. अहमदनगर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पूर्वायुष्यात पोलीस खात्यात नोकरी केलेल्या या कवीला सामान्य माणसाच्या कानाची उत्तम पारख होती, आणि वाचनशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा हा ग्रंथ नवशिक्या वाचकासाठी कोणी मुद्दाम योजून लिहावा असा झाला आहे. अध्याय एकवीस असल्यामुळे दशमी-एकादशी-द्वादशीला रोज सात, किंवा सप्ताहात रोज तीन, अशी त्यांची वाटणी सहज होते आणि वाचकाला आजचा मुक्काम कोठे आहे हे आधीच ठाऊक असते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक असते. म्हणून पहिल्या चरणाचा शेवट जिला लागला, तिला दुसऱ्या-तिसऱ्याच्या शेवटाचा अंदाज डोळा तेथे पोहोचण्यापूर्वीच येतो, आणि अडखळणाऱ्या वाचकाला धीर देणारे याहून मोठे साधन भाषेत क्वचितच सापडेल. शिवाय कथा सारी ऐकलेली. बंकटलालाच्या घरचे प्रसंग, कोरड्या विहिरीला पाणी लागल्याची हकिकत, हे सर्व तिच्या कानाला बालपणापासून परिचित असते आणि कानाने जे आधीच जाणले आहे त्याचीच ओळख डोळा सावकाश करून घेतो. पहिलीच्या वर्गात जे मूल अपरिचित शब्दांच्या अपरिचित वाक्यांशी एकटेच झुंजत असते, त्याच्या वाट्याला यांपैकी एकही सोय येत नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो अगदीच निराधार नाही, की पारायण हे पुष्कळदा यांत्रिक असते. आवर्तनांची संख्या मोजली जाते, अर्थाकडे लक्ष नसते. असे होते हे मान्य केले पाहिजे. तथापि ओघाने वाचता येणे ही अर्थबोधाची पूर्वअट आहे, आणि तो ओघ पुनरावृत्तीवाचून येत नाही, हेही तितकेच मान्य केले पाहिजे. ज्या बाईची नजर पोथीवर रुळली, तीच पुढे नातवाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, दवाखान्याच्या कागदावरील सूचना आणि शिधापत्रिकेवरील नोंद आपल्या आपण वाचू लागते. अशा आज्या वऱ्हाडात गावोगाव आहेत.

आता राज्यसंस्थेने काय केले ते पाहू. १९५१ साली या देशातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ते ८२ टक्क्यांवर गेले. या प्रगतीत सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेत गावकरी ग्रामदेवतेपुढे शपथ घेत, शिकलेले लोक न शिकलेल्यांना काही महिने शिकवीत, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ साजरा होई. त्या उत्साहाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु समारंभ आटोपल्यावर त्या प्रौढांच्या हाती वाचावयास काय उरले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गावांपाशी नव्हते, आणि जे अक्षर वापरात राहत नाही ते विसरले जाते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ कार्यक्रमातही पंधरा वर्षांवरील असाक्षरांना शिकवून त्यांची परीक्षा घेतली जाते, प्रमाणपत्र दिले जाते. परीक्षेनंतरच्या वर्षाची तजवीज कोणाकडे सोपवली आहे, हे गावात विचारले तर स्पष्ट उत्तर मिळत नाही. मुलांची स्थितीही काळजी वाटावी अशीच आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांची नावे हजेरीपटावर आहेत, इयत्ता दरसाल पुढे सरकते आहे, आणि जनगणनेच्या व्याख्येत त्यांतील बरीचशी साक्षरही ठरतील.

वाचता न येण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले ते प्रामुख्याने कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करण्यासाठी, आणि हाती आलेले कागद त्यांनी जाळून टाकले. ज्या दस्तऐवजावर आपला अंगठा आहे पण ज्यातील एक ओळही आपल्याला वाचता येत नाही, त्याच्याशी माणसाचे दुसरे कोणते नाते राहू शकते? पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकापुढे व्हावा अशी तरतूद झाली, हे योग्यच झाले. पण आज पीकविम्याचा अर्ज, फेरफाराची नोटीस आणि बँकेचा संदेश त्याच शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर येतो आणि ‘मान्य आहे’ यावर बोट ठेवण्याआधी मजकूर वाचणारा निबंधक त्याच्यापाशी कोणी बसलेला नसतो.

आणि वाचनाने काय घडते याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याचे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे यांनी घरीच शिकवले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेवर १८८१ साली बालहत्येचा खटला झाला, त्यानिमित्त ‘पुणे वैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर आघात केला, आणि तो मजकूर वाचून या बाईने १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून छापविले. त्या काळी स्त्रियांविषयी असले लिखाण नित्य छापले जाई आणि ज्यांच्याविषयी ते छापले जाई त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना ते वाचताच येत नसे; एकीला वाचता आले, आणि मराठी वाङ्मयाला त्याचे सर्वांत निर्भीड उत्तर लाभले. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. परंतु समाजाने ते पुस्तक असे विस्मृतीत टाकले की स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत नव्वदांहून अधिक वर्षे गेली. जिल्ह्याच्या शाळांतून जिजाऊंचे नाव आदराने घेतले जाते, ते घेतलेच पाहिजे. ताराबाईंचे नाव मात्र किती मुलींनी ऐकले असेल, याविषयी मला खेद वाटतो.

मग करावे काय? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि अनुदानपात्र ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. ग्रामपंचायती मात्र सत्तावीस हजारांहून अधिक. ही तफावत दूर होणे हे पहिले काम. परंतु जेथे ग्रंथालय आहे तेथेही ते सायंकाळी, पुरुषांच्या सवडीने उघडते आणि वर्तमानपत्रांपुरते चालते. शेतातून परतून स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईला ती वेळ कधीच साधत नाही. ‘उल्लास’ची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्राबरोबरच जवळच्या ग्रंथालयाचे विनाशुल्क सभासदत्व द्यावे, तेथे ठळक टाइपातील, यमकांची आणि गोष्टींची पुस्तके ठेवावीत, आणि आठवड्यातून निदान दोन दुपारी ग्रंथालय केवळ सामुदायिक वाचनासाठी उघडे असावे. प्राथमिक शाळेत रोज अर्धा तास प्रत्येक मुलाचे प्रकट वाचन कोणीतरी बसून ऐकावे. शिक्षकांना तेवढी फुरसत नसेल तर गावातील पोथी वाचणाऱ्या आज्यांना सन्मानाने बोलवावे. शेगावात तर अशा आज्यांचा तुटवडा नाही, आणि नगरपरिषदेने मनावर घेतले तर याचा आरंभ येत्या जूनमध्ये, शाळा उघडतील त्याच आठवड्यात, करता येईल.