परसातली दरड

अस्करच्या किनाऱ्यावर उभे राहून चहूकडे पाहिले तर नजर अडवील असा डोंगर दिसत नाही. साऱ्या बहारीनमध्ये उंच म्हणावा असा एक जबल दुखान, तोही 134 मीटरांचा. 1932 साली बेटावर पहिले तेल लागले ते त्याच्या पायथ्याशी, एवढीच त्याची थोरवी. पाऊस वर्षाकाठी जेमतेम 70-80 मिलिमीटर. इथे वाढलेल्या मुलांना 'दरड' हा शब्द समजावून सांगावा लागतो, यात नवल नाही. परंतु त्यांची आजोळे आणि आपली वडिलार्जित घरे महाड, खेड, संगमेश्वर, वैभववाडीकडच्या उतारांवर आहेत. त्या घरांच्या मागील दारी सध्या जे खणणे-तोडणे चालले आहे, त्यात इथून गेलेला पैसाही आहे. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच समजावा.

जुने कौलारू घर पाडायचे, स्लॅबचा बंगला बांधायचा आणि अंगण कमी पडते म्हणून मागचा डोंगर कापायचा, ही आता रीतच झाली आहे. पूर्वी कुदळ-फावड्याने महिना लागे, आणि तेवढ्यात कोणी जाणता म्हातारा येऊन दोन शब्द सुनावी. आता जेसीबी दोन दिवसांत पंधरा-वीस फूट उंचीची मातीची उभी भिंत तयार करून जातो. त्या मोकळ्या जागेत मोटार उभी राहते. फोटो इथे येतात, आपण कौतुक करतो.

ती भिंत पडते का, हे समजायला मोठे शास्त्र नको. अस्करजवळच्या अल्युमिनियमच्या कारखान्यात, 1971 पासून धातू गाळणाऱ्या त्या अल्बात, आपल्यातल्या कित्येकांनी नोकऱ्या केल्या. कोरडी भुकटी ओतली की तिचा सुळका होतो, हे त्यांनी हजारदा पाहिले असेल. आणखी ओता, सुळका मोठा होईल पण अधिक उभा होणार नाही. बाजूने घसरू लागेल. कोरड्या वाळूचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवर थांबतो. पृथ्वी प्रत्येक कणाला सरळ खाली ओढते. उतारावर या ओढीचे दोन भाग पडतात. एक भाग कणाला खालच्या थरावर दाबून धरतो व घर्षण टिकवतो, दुसरा त्याला उताराने खाली लोटतो. उतार जितका उभा, तितका दाबणारा भाग कमी व लोटणारा अधिक. डोंगराचा पायथा हा वरच्या साऱ्या भाराला दिलेला टेकू असतो. आपण अंगणासाठी कापतो तो नेमका टेकूच.

मग कापलेली भिंत उन्हाळाभर उभी कशी राहते? मातीला चिकटपणा असतो, आणि थोडा ओलावा तो वाढवतो. किनाऱ्यावर ओल्या वाळूचे किल्ले पोरे करतात ते त्याच बळावर. फसगत होते ती इथेच. जानेवारीत कापलेली भिंत मे महिन्यापर्यंत भक्कम दिसते आणि मालक निर्धास्त होतो. जुलैत पाणी मुरले की सारा हिशेब पालटतो. एक घनमीटर मातीच्या पोकळ्यांत 300 किलो पाणी सहज मावते, म्हणजे ओझे वाढले. पण खरा घात ओझ्याने होत नाही. पोकळ्या भरल्या की आतले पाणीच वरचा काही भार उचलून धरते, कण एकमेकांवर पूर्वीसारखे दाबले जात नाहीत आणि घर्षण उतरते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने 1920 च्या दशकात हे सिद्धांतरूपाने मांडले. आपल्या सह्याद्रीत खाली काळा फत्तर, वर झिजून झालेली माती. कोकणच्या सड्यांवर तर जांभ्याखाली बहुधा मऊ चिकणमाती. मुरलेले पाणी अशा थरावर अडते, आणि वरचा थर सुटतो तो तिथूनच.

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला आणि 80 हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरी एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला होता, म्हणजे बहारीनचा सात-आठ वर्षांचा पाऊस चोवीस तासांत. याच तालुक्यात 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन ही गावे अशीच गाडली गेली होती. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गेले, सुमारे दीडशे माणसांसह. नेहमीच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा जगाला कळले. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती, आणि तिच्या अवतीभवती रान होते. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून झोपू नये, आणि झाडे आहेत म्हणूनही नाही. मुळे वरचा मीटर-दोन मीटर थर बांधून ठेवतात, त्याखालचे त्यांच्या हाती नसते.

ही सारी गावे कोणी परस कापल्याने गेली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कित्येक ठिकाणी पाऊस आणि उभा डोंगर एवढेच पुरे झाले. परंतु कापलेल्या डोंगराची गोष्ट कोकण रेल्वेला विचारावी. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ डोंगरकापातून रुळांवर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. तेव्हापासून जाळ्या, पहारे, पावसाळ्यातले मंद वेळापत्रक हे सारे आले. गाडी उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो, ती मात्र या उतारांच्या भीतीने हळू धावते. ज्यांच्या पदरी अभियंते आहेत ते इतके जपतात, आणि आपण जेसीबीवाल्याच्या अंदाजावर घर बांधतो!

यावर आमचे म्हणणे थोडक्यात असे. डोंगर कापावयाचाच असेल तर आधी जाणकार अभियंत्याला जागा दाखवावी. बंगल्याच्या फरशीला लागतो त्याहून हा खर्च कमी आहे. उभी भिंत न ठेवता पायऱ्या काढाव्यात. वरून येणारे पाणी चर खणून बाजूच्या व्हाळात सोडावे. पावसाळ्यात घरी फोन कराल तेव्हा पाऊस किती झाला एवढेच विचारू नका. वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली आहे काय, खांब वा माड कलला आहे काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले काय, दार चौकटीत अडकू लागले काय, हेही विचारा. यातले एकही 'होय' असले तर त्याच दिवशी आई-आबांना शाळेत किंवा पाहुण्यांकडे हलवा, तलाठ्याला कळवा, मग बाकीचे. म्हातारी माणसे घर सोडायला तयार होत नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. तिथे मुंबईच्या भावापेक्षा परदेशातल्या मुलाचा शब्द चालतो, असा आमचा तरी अनुभव आहे.

आणि मागे संरक्षक भिंत बांधली असेल तर तिला पाणी जायला ठेवलेली भोके गणपतीच्या रंगकामात बुजवून टाकू नयेत. दिसायला ती वाईट दिसतात खरी, आणि त्यांतून पावसाळाभर लाल पाणी ओघळून नवी भिंत डागाळते. डागाळू द्यावी.