‘से अगेन’ म्हणायची लाज कसली?

हौसेखातर छोटे विमान चालवायला शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांना रेडिओवर बोलायची धास्ती असते. कारण साधे आहे. दोन आसनांच्या सेसनातला नवखा आणि शेकडो प्रवासी घेऊन येणारा कॅप्टन एकाच फ्रिक्वेन्सीवर असू शकतात. सगळे सगळ्यांचे ऐकतात. टॉवरमधला नियंत्रक भराभर सांगतो, कोणती धावपट्टी, किती उंची, कुठे वळायचे. आणि महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. वेदपाठशाळेतल्या संथेसारखाच हा प्रकार! चूक तिथल्या तिथे सापडते.

कळले नाही तर ‘से अगेन’ म्हणावे, सांगितलेले जमणार नसेल तर ‘अनेबल’ म्हणावे. एवढी सोय असूनही चारचौघांत अडाणी ठरू नये म्हणून नवखा ‘रॉजर’ म्हणून मोकळा होतो. ‘रॉजर’चा अर्थ फक्त तुमचे बोलणे पोचले, एवढाच. ‘तसे करतो’ असा नव्हे.

ही भीड नवख्यांपुरती असती तर गोष्ट वेगळी. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आविआंकाचे विमान खराब हवेमुळे तासाहून अधिक घिरट्या घालत होते. इंधन संपत आले. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपतेय हेही सांगितले. पण ‘इमर्जन्सी’ म्हटले नाही. नियंत्रकांना निकड कळलीच नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले, ७३ माणसे गेली.

त्याआधी २७ मार्च १९७७ला तेनेरीफच्या धुक्यात केएलएमच्या सहवैमानिकाचे संदिग्ध वाक्य ऐकून नियंत्रक ‘ओके’ म्हणाला. विमान थांबलेले आहे असे त्याला वाटले. ते तर धावू लागले होते! त्याचे पुढचे ‘थांबा’ आणि पॅनॅमचे ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ एकाच वेळी आले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यांची कर्कश शिट्टी झाली. ५८३ बळी गेले. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीसाठीच राखून ठेवला गेला.

आमचे गोंयकारांचे ‘बरें’ आणि ‘जाता’ याच ‘ओके’च्या जातीचे. ‘जाता’ म्हणजे होकार, की जमल्यास बघू, की आता विषय पुरे? गावच्या बैठकीत ही संदिग्धता गोड लागते, माणसे दुखावत नाहीत. पण डॉक्टर औषध सांगतो, वकील कागद पुढे करतो, तेव्हाही आम्ही मान डोलावतो. मोठ्यांना उलट विचारू नये, हे आमच्या घरांतच शिकवले जाते ना! भीड भिकेची बहीण, हेही आपल्याच भाषेतले शहाणपण. ते मात्र आम्ही सोयीने विसरतो.

अमेरिकेत शिकाऊ वैमानिकाने रेडिओवर ‘मी शिकाऊ आहे’ असे आधीच सांगावे, अशी शिफारस आहे. मग नियंत्रक त्याला सांभाळून घेतो. मला यातले मोठेपण दोन्ही बाजूंचे वाटते. विचारणाऱ्याने लाजू नये, हे खरेच; पण ‘एकदा सांगितले ना!’ म्हणून खेकसणाऱ्याने आधी आपला आवाज उतरवावा. समोरच्याला कळेपर्यंत सांगणे हे सांगणाऱ्याचेच काम आहे.