तपासणारीचं नाव

मोबाइलचा पडदा उजळतो तेव्हा आत काय चालतं, याचा विचार आपण कशाला करू? पडद्याला आधी वीज द्यायची, काही मिलिसेकंद थांबायचं, मग आज्ञा पाठवायच्या. हा क्रम सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं, आणि लिनक्समध्ये रिवाज असा की, कुणी दोन ओळी बदलल्या तरी दुसऱ्या कुणीतरी त्या वाचायच्या. वाचणारी विचारते, 'आज्ञा पोचलीच नाही, तर सुरू केलेली वीज बंद कोण करणार?' साधाच प्रश्न, पण राहून गेला तर बॅटरी उगाच उतरते.

इथे मोठ्यांचीही भीड नसते. एएमडी कंपनीचा डिस्प्ले कोड २०१६ मध्ये 'या रूपात नको' म्हणून परत गेला. बऱ्याच सुधारणा झाल्या, तेव्हा २०१७ मध्ये तो घेतला.

मला भावलं ते वेगळंच. तपासून शंका मिटल्या की 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून तपासणारीचं नाव त्या बदलासोबत कायमचं नोंदलं जातं. आपल्या ऑफिसांत मात्र 'तू जरा नजर टाक गं' म्हणत हे काम हमखास एखादीच्या टेबलावर येतं. ती संध्याकाळी उशिरापर्यंत दुसऱ्याच्या ओळी वाचते, चूक पकडते. बढतीच्या वेळी मोजलं जातं ते त्यानं लिहिलेलं! पकडलेली चूक दिसत नाही ना, कारण ती घडतच नाही. निदान वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात 'काय तपासलं' असा एक रकाना तरी ठेवा. आणि मैत्रिणींनो, तोवर आपली यादी आपणच तारखेनिशी लिहून ठेवा.